सोळा आणे बरोबर

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ चा, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावचा. त्यांच्या ठोसर घराण्याकडे गावचे कुळकर्ण होते. सारा, वसुली, बाकी, सगळे लिहून ठेवायचे काम. संगणकातल्या अचूक अपूर्णांकाचे मूळ शोधताना मला अशी दप्तरे आठवतात. धागा थेट जोडता येत नाही, पण अडचण तीच होती: एकही तुकडा न सांडता हिशेब ठेवायचा.

मोडी लिपीतल्या हिशेबात पाव, निम्मा, पाऊण यांना एक, दोन, तीन उभ्या रेघा. आण्यांना, म्हणजे रुपयाच्या सोळाव्या भागांना, तशाच तिरप्या. तेरा आणे म्हणजे तीन उभ्या आणि एक तिरपी. २००९ साली या खुणांना युनिकोडमध्ये जागा मिळाली. संगणकही दोनाच्या घातांत मोजतो, त्यामुळे रुपयाचा सोळावा भाग त्याच्या पोटात जसाच्या तसा मावतो. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि ही सोय गेली. आज ०.१ मध्ये ०.२ मिळवा, नेहमीच्या फ्लोटिंग पॉइंट पद्धतीत ०.३ येते खरे, पण दशांशाच्या सतराव्या स्थानी एक ४ उगवतो.

पण आण्यालाही सगळे पेलत नव्हते. पै हा आण्याचा बारावा भाग. तीनाने भागायची वेळ आली की रेघा संपल्या. वतनाच्या तक्षिमा तर पिढीगणिक बारीक होत. समजा, एका वाटेने १/६० हिस्सा आला आणि दुसऱ्या वाटेने १/३६. बेरीज ८/१८०. आता १८० ला ८ ने भागा, बाकी ४. ८ ला ४ ने भागा, बाकी शून्य. म्हणून ४ ने दोन्हीकडे भागून २/४५. कुठेही दशांश नाही, कुठेही तुकडा सांडला नाही.

या परस्पर भागण्याला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, मानाचे स्थान आहे: कुट्टक, म्हणजे समीकरणाची पूर्णांकी उत्तरे काढण्याची रीत, सुरू करण्याआधी अपवर्तन, म्हणजे सामाईक विभाजकाने भाग, करून घ्या, असे ते सांगतात. अपूर्णांक त्या काळी मधल्या रेघेविना, अंशाखाली छेद असाच मांडत. आजचे सॉफ्टवेअरही हेच करते. अंश आणि छेद हे दोन पूर्णांक वेगवेगळे धरायचे आणि प्रत्येक आकडेमोडीनंतर मसाविने भाग द्यायचा. पायथन या संगणकभाषेत २००८ साली आलेला ‘फ्रॅक्शन’ याच रीतीने चालतो.

खरी कसोटी पुढे लागते. छेद गुणाकाराने फुगत जातात आणि यंत्राच्या ६४ बिटांत मावेनासे होतात. मग मोठी संख्या तुकड्यांत मांडायची. पायथन बहुतेक यंत्रांवर ३० बिटांचा एक अंक धरतो, म्हणजे २³० च्या पायावरचे अंक, आणि हातचा पुढच्या घरात नेतो. ही शाळेतलीच बेरीज आहे, फक्त दहाच्या जागी शंभर कोटींहून मोठा पाया. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९६९ मध्ये अशा मोठ्या संख्यांच्या भागाकाराची पावले नेमकी लिहून काढली. गुणाकारात मात्र शाळा मागे पडली: १९६० मध्ये अनातोली कारात्सुबा यांनी दाखवले की संख्यांचे दोन-दोन भाग केले तर चार गुणाकारांचे काम तिनांत होते. अंक पुरेसे झाले की पायथन आजही त्याच वाटेने जातो.