वत्सगुल्म, अजिंठा आणि वज्रलेप

आजचें वाशीम तेंच प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती, हें १९३९ सालीं वाशीम येथें सांपडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटावरून स्पष्ट झालें. याच शाखेंतील हरिषेण राजा पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत राज्य करीत असतां त्याचा सचिव वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. त्या काळचीं चित्रें पंधरा शतकें लोटलीं तरी पुष्कळशीं भिंतींवर आहेत. तीं कोणत्या बंधनानें टिकलीं, हा प्रश्न कलेचा तसाच रसायनशास्त्राचाही आहे.

दोन पदार्थ परस्परांस चिकटतात ते त्यांच्या रेणूंमधील आकर्षणामुळें. हें आकर्षण अत्यल्प अंतरावरच चालतें. दोन दगड एकमेकांवर ठेविले तर ते भिडलेले दिसतात. वस्तुतः थोड्याशा उंचवट्यांवरच त्यांचा स्पर्श होतो. मध्यें एखादा द्रव घातला, तर तो दोहोंस भिजवून खळगे भरून काढतो आणि तो घट्ट झाला म्हणजे सांधा पक्का होतो. आधीं पसरावें व मग घट्ट व्हावें, हे चिकट द्रव्याचे दोन मुख्य गुण होत.

आपल्या पूर्वजांना अशीं द्रव्यें चांगलीं ठाऊक होतीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाची कृति दिली आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं व कवठाचीं फळें, सांवरीचीं फुलें इत्यादिकांचा काढा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवून त्यांत गुग्गुळ, राळ, बिब्बा वगैरे मिसळण्यास तो सांगतो. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासां’त म्हशीचें कातडें लोण्यासारखें मऊ होईपर्यंत शिजवून वज्रलेप करावयास सांगितलें आहे. सुताराच्या परिचयाचा सरस तो हाच. कातड्यांतील तंतुमय प्रथिन उकळल्यानें पाण्यांत उतरतें व वाळल्यावर कठीण होतें.

अजिंठ्याच्या कारागिरांनीं खडकाचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेविला, म्हणजे गिलाव्यास पकड मिळे. गिलावा मातीचा, त्यांत वाळू, भाताचें तूस व वनस्पतींचे तंतु मिसळलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर सरसासारख्या द्रव्यांत कालविलेले रंग. यांतील कोणताही थर फार बळकट नव्हता; पण एकाची ओढ दुसऱ्यास असह्य होईल असेंही नव्हतें.

तथापि दमट हवा, कीटक व वटवाघुळें यांनीं कालांतरानें गिलावा सैल झाला आणि रंगाचे पापुद्रे सुटूं लागले. तेव्हां निजाम सरकारनें इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी या तज्ज्ञांस पाचारण केलें. १९२० ते १९२२ या काळांत त्यांनीं पडूं पाहणारा पुष्कळ गिलावा सांवरला, हे त्यांचे उपकार खरेच. परंतु रंग पक्का करण्यासाठीं त्यांनीं मद्यार्कांत विरघळविलेली लाख वापरली. लाख म्हणजे किड्यांची राळ. सोनार दागिन्यांत भरतो तीच. ती प्रथम चकाकली, मग वर्षानुवर्षें पिवळी पडत गेली. तिनें धूळ व काजळी धरली. शिवाय आकसतांना ती भेगाळली आणि कांहीं ठिकाणीं खालचा रंगच घेऊन सुटूं लागली. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना हा थर मोठ्या कष्टानें काढावा लागला. जुनी लाख सहज विरघळत नाहीं, आणि रंगाला धक्का लागून चालत नाहीं.

लाखेचा दोष ती दुर्बल असण्यांत नव्हता. ज्या थराला तिनें धरावयाचें, त्याहून ती अधिक बळकट व अधिक ताठ ठरली. सांधा तुटावयाचा तो दुबळ्या जागीं तुटतो, आणि येथें दुबळी जागा म्हणजे प्रत्यक्ष चित्रच होतें. म्हणून जुन्या वस्तूंची दुरुस्ती करणारे आज असेंच द्रव्य पसंत करतात, कीं जें मूळ वस्तूपेक्षां नरम असेल आणि पुढें चूक उमगल्यास काढतां येईल. वत्सगुल्माच्या सचिवानें कोरविलेल्या त्या लेण्याच्या भिंतींनीं हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकविला आहे.