गोव्याची नाकेबंदी : आर्थिक निर्बंध आणि लष्करी मदत म्हणजे काय?

‘निर्बंध लादले’, ‘लष्करी मदत जाहीर’ अशा बातम्या आपण रोज वाचतो. याचा अर्थ आपल्या शेजारच्याच एका उदाहरणावरून समजून घेऊ.

आर्थिक निर्बंध म्हणजे दुसऱ्या देशाचा व्यापार, पैसा किंवा वाहतूक अडवून त्याला नमवण्याचा प्रयत्न. लष्करी मदत म्हणजे एखाद्या देशाला शस्त्रं, प्रशिक्षण किंवा त्यासाठी पैसा देऊन आपल्या बाजूला ठेवणं.

मालवणहून दक्षिणेला वेंगुर्ल्याच्या पुढे गेलं की गोव्याची हद्द लागते. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगालचं राज्य होतं. पोर्तुगाल गोवा सोडेना, म्हणून भारताने १९५४ पासून नाकेबंदी सुरू केली. मालाची ये-जा अडवली, १९५५ मध्ये रेल्वे बंद झाली. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांच्या घरी पैसे पाठवण्यावरही बंधनं आली. बाहेरून येणाऱ्या पैशावर घर चालतं म्हणजे काय, हे कोकणातल्या आपल्या कुटुंबांना वेगळं सांगायला नको.

लोकांना झळ बसली, पण पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार नमले नाहीत. अन्नधान्य पाकिस्तानसारख्या दुसऱ्या देशांतून आलं. गोव्याचं लोहखनिज जपान आणि पश्चिम जर्मनीला जात राहिलं.

त्यांच्या पाठीशी मोठे दोस्तही होते. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा सदस्य होता आणि १९५१ मध्ये त्याने अमेरिकेशी संरक्षण करार केला. ही मदत युरोपच्या बचावासाठी होती, गोव्यासाठी नव्हे. पण अझोर्स बेटांवरचा हवाई तळ अमेरिकेला हवा होता, त्यामुळे ती पोर्तुगालला दुखवायला तयार नव्हती.

शेवटी १८ आणि १९ डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईत गोवा मुक्त झाला. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने पडला. इजिप्तनेही (तेव्हाचं संयुक्त अरब प्रजासत्ताक) भारताच्या बाजूने मत दिलं.

इराकचंही असंच झालं. १९९० मध्ये तिथे निर्बंध आले. अन्न-औषधांवाचून जनतेचे हाल झाले, म्हणून १९९६ मध्ये तेलाच्या बदल्यात अन्न देण्याची योजना सुरू करावी लागली. सद्दाम हुसेन यांची सत्ता मात्र २००३ च्या युद्धापर्यंत टिकली.

म्हणून निर्बंधांची बातमी वाचताना आपण तीन गोष्टी पाहाव्यात : झळ आधी कोणाच्या चुलीला बसते, माल यायला दुसरी वाट उघडी आहे का, आणि त्या सरकारच्या पाठीशी कोण उभं आहे.