बारीक माणसांची चरबी

लठ्ठपणाचं खापर आपण जिभेवर आणि आळसावर फोडतो. परिसराचा विषय निघालाच, तर वडापावच्या गाड्या आणि लिफ्टपाशी थांबतो. मी पुण्यातलीच. टेकडीवर न जाणाऱ्यांकडे मीही तिरकं बघायचे. पण संशोधकांनी ‘परिसर’ या शब्दाची हद्द पार आईच्या पोटापर्यंत नेली आहे, आणि त्यात रास्ता पेठेचा मोठा वाटा आहे.

1962 मध्ये जेम्स नील या अमेरिकी शास्त्रज्ञाने म्हटलं की, दुष्काळात तगवणारी ‘काटकसरी’ जनुकं सुबत्तेत मधुमेह देतात. 1992 मध्ये इंग्लंडच्या हेल्स आणि बार्कर यांनी ते फिरवलं: शरीर काटकसर शिकतं ते गर्भात, अन्न कमी पडल्यावर.

इकडे केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना बारीक, तरुण मधुमेही भेटत होते. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, त्या गरोदर राहण्याआधीपासून. आयांचं सरासरी वजन जेमतेम 42 किलो. बाळं साधारण 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के, याज्ञिकांमध्ये 21.2. वजनकाट्याला हा फरक दिसतच नाही.

आता धोका असा, की उद्या सगळा दोष आईच्या माथी मारला जाईल. पण त्या गावांतल्या सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांमध्ये बी-12 कमी होतं. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांसातून मिळतं. ते कुणाच्या ताटात पडतं, शेतातून येऊन शेवटी कोण जेवतं, हे काही ती एकटी ठरवत नाही.

म्हणूनच पुढचं पाऊल मला महत्त्वाचं वाटतं. त्याच अभ्यासात जन्मलेली मुलं वयात आल्यावर, 2012 पासून, त्यांना बी-12 देण्याचा प्रयोग सुरू झाला. मुलींबरोबर मुलांनाही. पुढच्या पिढीचं पोषण तिच्या जन्माआधीच सुरू करायचं, आणि ती जबाबदारी एकट्या बाईवर टाकायची नाही.