खाँसाहेबांची पुण्यातली शाळा

मी मूळची मिरजेची. बी.एड. झाल्यावर काही वर्षं तिकडेच उर्दू आणि मराठी शिकवलं. 2010 साली नोकरीसाठी पुण्यात आले. निघताना अब्बू म्हणाले होते, "पुणे जाकू क्या करती गे तू? उनकी मराठी अलग, अपनी मराठी अलग." त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. घर शोधताना फोनवर सगळं जमायचं. माझं मराठी ऐकून समोरच्या बाई कौतुकही करायच्या. नाव सांगितलं की जागा "कालच गेली" असायची. शेवटी कोंढव्यात घर मिळालं. आपल्या वाचकांपैकी निम्म्यांना हा अनुभव असेल, म्हणून त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

लिहायचं आहे ते दुसऱ्या एका माणसाबद्दल. तोही आमच्या मिरजेचा, म्हणजे जन्माने नव्हे पण मातीने. माझ्या जवळपास शंभर वर्षं आधी त्याने पुण्यात येऊन एक शाळा काढली. त्याची बोली उर्दू, धंदा गाण्याचा, आणि ओळखीपाळखी सगळ्या संस्थानांतल्या. त्याचं नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ.

मिरजेत हे नाव कुणी शिकवावं लागत नाही. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाताना लहानपणीच कळतं की इथे खाँसाहेब झोपलेत. उरुसात दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेखाली गाणं होतं आणि मोठमोठे गवई तिथे बिदागीचा विचार न करता हजेरी लावून जातात. खाँसाहेब स्वतः तिथे गायचे, त्याचीच ही पुढची परंपरा. माझे मामू सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांना पॉलिश करायचे. सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जाणं माझ्याकडे असायचं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले मोठाले भोपळे छताला टांगलेले असायचे आणि कुणीतरी एकच तार शंभरदा छेडत जवारी लावत बसलेलं असायचं. ही कारागिरी करणारी घराणी मुळात शिकलगारांची. तलवारींना पाणी देणारे हात 1850 च्या सुमारास सतार-तंबोऱ्याकडे वळले, त्यांत फरीदसाहेबांचं नाव पहिलं. एवढं ऐकून मोठी झालेल्या मला खाँसाहेबांची शाळा पुण्यात होती हे मात्र पुण्यात आल्यावर, वयाच्या तिशीत, एका जुन्या पुस्तकातून कळलं.

खाँसाहेबांचा जन्म 1872 चा, उत्तरेतल्या कैरान्याचा. याच गावावरून किराना घराणं. तरुणपणी ते भावाबरोबर बडोद्याच्या दरबारात आले. तिथे सरदार घराण्यातल्या ताराबाई माने त्यांच्याकडे गाणं शिकल्या. पुढे दोघांनी बडोदं सोडलं. मुंबई झाली, मग मिरज झाली. मिरजेत त्यांचा संसार वाढला आणि 1913 साली त्यांनी पुण्यात 'आर्य संगीत विद्यालय' सुरू केलं. तेव्हा ते चाळिशीत होते, म्हणजे आज मी आहे त्याच वयाचे. या वयात नव्या शहरात कुणी नवा डाव मांडत नाही, मांडला तर पोटासाठी मांडतो. आणि पोटाचा प्रश्न त्यांना एवढा नव्हता. संस्थानांतून आमंत्रणं होती, 1904-05 पासून त्यांच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या होत्या.

1913 चं पुणं कसं होतं ते जरा पाहू. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, ते पुढच्या वर्षी जूनमध्ये सुटले. बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळी सोडून त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळी काढली. दोनच वर्षं आधी, 1911 साली, भास्करबुवा बखले यांनी भारत गायन समाजाची सुरुवात केली होती. भास्करबुवांचे गुरू कोण? बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि मग अल्लादिया खाँ. म्हणजे एकाच शहरात दोन वर्षांच्या अंतराने एक ब्राह्मण गवई मुसलमान उस्तादांकडून मिळालेली विद्या वाटायला बसतो आणि एक मुसलमान उस्ताद बहुतेक हिंदू घरांतल्या मुलांना आपली विद्या द्यायला बसतो.

इथे मला थोडं भांडायचं आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत आणि शिक्षक दिनाच्या भाषणांतही एक वाक्य ठरलेलं असतं: गाणं घराण्यांच्या बंद खोलीत कोंडलेलं होतं, उस्ताद लोक विद्या लपवत असत, आणि पलुस्कर-भातखंड्यांनी ते सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. विष्णु दिगंबर पलुस्करांचं काम मोठंच. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढायला मोठी छाती लागते. भातखंड्यांनी गोळा केलेल्या बंदिशींशिवाय आजचा कुठलाही अभ्यासक्रम उभा राहणार नाही. पण "उस्ताद लपवत असत" हे वाक्य सरसकट सगळ्यांवर फेकलं की 1913 ची ही पुण्याची शाळा कुठे ठेवायची? एका खानदानी उस्तादाने जाहीर पाटी लावून, घराण्याबाहेरच्या, धर्माबाहेरच्या मुलांना शिकवलं. असा माणूस एकच असला तरी वाक्यात "काही" हा शब्द घालावा लागतो. मी वर्गात तो घालते.

शाळा होती म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे बाक आणि घंटा येते. तसं नव्हतं. शिष्य उस्तादांजवळच राहायचे, जेवायचे, आणि शिकायचे. पलुस्करांच्या शाळेत छापील पुस्तकं होती, इथे सगळं तोंडी. पहाटे खर्जाचा रियाज, एकेक सूर धरून ठेवायचा. किराना गायकीत सुराचा लगाव हेच सर्वस्व, त्यामुळे नव्या पोराला महिनोन्महिने एकाच सुरावर बसवलं जाणं साहजिक होतं. या शाळेच्याही आधी, कुंदगोळचे रामभाऊ त्यांच्याकडे आले तेव्हा आठ वर्षं शिकायचं कबूल करूनच त्यांनी रामभाऊंना घेतलं होतं, असं सांगतात. तेच पुढे सवाई गंधर्व झाले. मुलांच्या राहण्याजेवणाचा भार खाँसाहेब बहुतांशी आपल्या जलशांच्या कमाईतून उचलत. बाहेर गाऊन मिळवायचं आणि घरी वाटायचं, असा तो हिशेब होता.

त्यांचे छंदही याच हिशेबातले. वाद्यं दुरुस्त करणं हा त्यातला मोठा. ते बीन वाजवत, सारंगी जाणत, आणि तंबोरा बिघडला तर कारागिराची वाट न पाहता स्वतः उघडून बसत. मामूंच्या गल्लीत हे ऐकलं होतं तेव्हा वाटलं होतं, गवयाला कशाला ही उठाठेव? आता कळतं. ज्याचा कान श्रुतीच्या पाव हिश्श्यालाही बिचकतो त्याला जवारी दुसऱ्याच्या हाती सोडवतच नसेल. याच कानाचा उपयोग सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी करून घेतला. बावीस श्रुतींचं गणित मांडायचा त्यांना ध्यास होता. त्यासाठी ते खाँसाहेबांना गायला लावून तारेवर सूर मोजत. देवलांचं पुस्तक 1910 मध्ये आलं आणि त्यांचे सहकारी, आयसीएस अधिकारी क्लेमंट्स, यांचं 1913 मध्ये. त्या मोजमापांवर आणि त्यातून निघालेल्या श्रुती-हार्मोनियमवर पुढे खूप वाद झाले, ते तज्ज्ञांनी भांडावेत. मला आवडतं ते एवढंच, की खानदानी उस्ताद आपला सूर एका पेन्शनर मराठी गृहस्थाच्या पट्टीखाली ठेवायला तयार झाला. विद्या लपवणारा माणूस हे करत नाही.

आणि टिपू. खाँसाहेबांचा कुत्रा. त्याला त्यांनी सुरात सूर मिसळायला शिकवलं होतं आणि तो जलशातही आला होता, असं त्यांच्या चरित्राच्या आठवणींत येतं. वर्गात सांगितलं की मुलं सगळं विसरतात, टिपू विसरत नाहीत.

मराठीशी त्यांनी केलेली दोस्तीही अशीच. कैरान्याच्या माणसाने मराठी नाट्यपदं गायली आणि ती ध्वनिमुद्रितही केली. आजही रेडिओवर कधी लागतात. उच्चारांत उत्तरेचा लहेजा आहे, पण शब्द टाळलेला नाही, गिळलेला नाही. मी दर रविवारी कोंढव्यात दोन तास आमच्या वस्तीतल्या बायकांना मराठी वाचायला शिकवते. बँकेचा फॉर्म, रेशनचं पत्र, मुलाच्या शाळेची नोटीस, एवढंच. कर्नाटकातून, मराठवाड्यातून, काही बिहारमधून आलेल्या. पहिले काही महिने त्या बोलायलाच लाजतात, कुणी हसेल म्हणून. एकदा मी त्यांना मोबाइलवर खाँसाहेबांचं नाट्यपद ऐकवलं. एक खाला म्हणाल्या, "इनकी मराठी तो हमारे जैसीच है." त्या दिवसापासून त्या मोठ्याने वाचतात.

आता जी गोष्ट मला सोपी वाटत नाही ती. शाळेचं नाव 'आर्य'. उस्तादांनी हा शब्द का घेतला असेल? तेव्हा आर्य म्हणजे इथलं, भारतीय, विलायती नव्हे ते, या अर्थानेही तो सर्रास वापरात होता. देवलांचं पुस्तक छापलं तो पुण्याचा छापखानाही आर्यभूषण. त्यामुळे फार अर्थ काढू नये, असं माझं एक मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं, नावाशिवाय पुण्यात पाटी लागली नसती. फोनवर जागा "कालच गेली" असं ऐकलेल्या बाईचं मन आहे ते, त्याच्यावर फार विसंबू नये. पण गप्पही बसत नाही.

आणि ताराबाई. शिष्य घरात राहायचे, तर त्यांचं जेवण कोण बघायचं? पाच मुलं आणि वर शिष्य, हा कुटुंबकबिला कुणाच्या जिवावर चालायचा? चरित्रं उस्तादांची लिहिली जातात, चुलीची लिहिली जात नाहीत. सरदाराची मुलगी सगळं सोडून गवयामागे आली, त्यांच्या दारिद्र्यात आणि नावलौकिकात दोन्हींत राहिली. शाळा पुढे पुण्यातून मुंबईला गेली. 1922 साली ताराबाईंनी मुलांना घेऊन घर सोडलं. खाँसाहेबांच्या गाण्यात नंतर जी व्याकुळता आली तिचं कारण जाणकार या ताटातुटीत शोधतात. शोधोत. ताराबाईंच्या मनात काय होतं, ते ऐकायला कुठली ध्वनिमुद्रिका नाही.

मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचा सुरेश झाला, चंपाकलीची हिरा, गुलाबची कमला, अब्दुल हमीदचा कृष्णा, सकीनाची सरस्वती. आडनाव आईकडचं, माने. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे, ही नावं ऐकून कुणाला उस्ताद आठवत नाही. आमच्यातले काही जण हे ऐकून चिडतात, "नाव पुसलं" म्हणतात. बाहेरचे काही जण उलट खूश होतात. मला दोन्ही बरोबर वाटत नाही. एकट्या बाईला पाच मुलं त्या काळच्या मुंबई-पुण्यात वाढवायची होती, मुलींना व्यासपीठावर बसवायचं होतं. कुठल्या नावाला कुठला दरवाजा उघडतो हे तिला मला कळतं त्यापेक्षा बरंच जास्त कळलेलं असणार.

आणि तालीम कुठे पुसली गेली? हिराबाईंना तयार केलं ते अब्दुल वहीद खाँ यांनी, म्हणजे त्याच घराण्याने. स्त्रीने तिकीट लावून, खुर्च्यांवर बसलेल्या घरंदाज श्रोत्यांपुढे गावं, ही रीत पाडण्यात हिराबाई पहिल्या काहींत होत्या. पुढे त्या पुण्यातच राहिल्या आणि 1989 साली पुण्यातच गेल्या. सुरेशबाबूंनीही पुण्यातच शिकवलं. प्रभा अत्रे त्यांच्याच शिष्या. सवाई गंधर्व आयुष्याच्या शेवटी पुण्यात होते, 1952 साली इथेच वारले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या पुण्यतिथीचा जो उत्सव सुरू झाला तोच आजचा सवाई गंधर्व महोत्सव. तो सुरू करण्यात पुढाकार गदगहून आलेल्या भीमसेन जोशींचा. आयोजक संस्थेचं नाव आर्य संगीत प्रसारक मंडळ. 'आर्य संगीत' हे दोन शब्द पुण्यात अजून आहेत.

खाँसाहेब स्वतः 27 ऑक्टोबर 1937 रोजी गेले, पाँडिचेरीला जाताना, मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर. गाडीत छातीत दुखू लागलं म्हणून उतरले, फलाटावर बिछाना घातला, तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारीत अल्लाचं नाव घेत गेले, असं सांगतात. तिथून त्यांना मिरजेला आणलं. पुण्याला नाही.

गेल्या डिसेंबरला मी रविवारच्या वर्गातल्या चौघींना सवाईला नेलं. भारतीय बैठकीची तिकिटं. त्यातल्या एकीने आयुष्यात पहिल्यांदा तंबोरा जवळून पाहिला आणि विचारलं, हा कुठे बनतो? मी म्हटलं, मिरजेला, आमच्या मामूंच्या गल्लीत. तिने फोनमध्ये गल्लीचं नाव लिहून घेतलं, मराठीत. 'र्' आणि 'र' तिला अजून नीट जमत नाही. पुढच्या रविवारी रफारच घेणार आहे.