आधी उपकार, मग अटी

‘करार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भाडेकरार येतो. दोन पक्ष, दोन सह्या, आणि एकाने अट मोडली की दुसरा मोकळा. पवित्र शास्त्राच्या दोन्ही भागांना मराठीत आपण हाच शब्द लावला आहे, जुना करार आणि नवा करार. शब्द वाईट नाही, पण त्यामुळे एक घोटाळा होतो. आपण पाळलं म्हणून देवाने आपल्याला आपलं म्हटलं, असं ऐकणाऱ्याला वाटून जातं. मग आयुष्यभर एक धास्ती मनात राहते: अट चुकली, आता आपण त्याचे उरलो का? ही धास्ती खरी आहे, आणि तिच्याकडे आज इतिहासाच्या अंगाने बघू.

मूळ हिब्रू शब्द ‘बरीथ’. हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. जनावर मधोमध कापायचं, तुकडे समोरासमोर ठेवायचे आणि मधून चालत जायचं. शब्द मोडला तर माझं असंच होवो, असा त्याचा अर्थ. यिर्मयाच्या ३४व्या अध्यायात यरुशलेमचे सरदार वासराच्या तुकड्यांमधून असे गेलेले दिसतात, आणि नंतर शब्द फिरवतातही. आता उत्पत्तीचा १५वा अध्याय बघा. जनावरं अब्रामाने मांडली, पण त्याला गाढ झोप लागते, आणि तुकड्यांमधून जाते ती धूर ओकणारी भट्टी आणि जळती मशाल. अब्राम त्या वाटेने चालतच नाही. शपथेची जोखीम देवाने एकट्याने अंगावर घेतली.

दुसरा धागा जरा लांबचा आहे. १९०६ साली ह्युगो विंकलर या जर्मन विद्वानाने आजच्या तुर्कस्तानात, अंकाराच्या पूर्वेला, बोगाझकोय इथे खोदकाम सुरू केलं. तिथे हित्ती राजांची राजधानी हत्तुशा निघाली आणि हजारोंनी मातीच्या पाट्या निघाल्या. त्यांत मांडलिक राजांशी केलेले तह होते. १९५४ साली जॉर्ज मेंडेनहॉल या अमेरिकी अभ्यासकाने हे तह आणि सीनाय पर्वतावरचा करार शेजारी ठेवून दाखवले. तहात आधी सम्राटाचं नाव, मग त्याने मांडलिकावर केलेले उपकार, आणि अटी त्यानंतर. मुर्शिली दुसरा हा सम्राट अमुरूच्या दुप्पी-तेशुबला आठवण देतो की, तू आजारी होतास तरी तुझ्या बापाच्या गादीवर मी तुला बसवलं. दहा आज्ञांचा क्रम हाच आहे. मिसरच्या दास्यातून सोडवल्याचं वाक्य आधी येतं, पहिली आज्ञा त्यानंतर. आज्ञा पाळल्या म्हणून कोणी मिसरातून सुटलं नव्हतं.

हे सगळ्यांना मान्य आहे असं नाही बरं का. ‘अनुवाद’ हा ग्रंथ इ.स.पू. ६७२मधल्या अश्शूरी राजा एसरहद्दोनच्या शपथपत्रांना जवळचा आहे, असं कित्येक अभ्यासक म्हणतात. शापांच्या बाबतीत ते आम्हालाही पटतं. पण त्या शपथपत्रांत उपकारांचा वृत्तांत नाही, धाकच धाक आहे. अनुवादाचे पहिले तीन अध्याय मात्र वृत्तांतच आहेत, आणि सातव्यात इस्राएलाला साफ सांगितलं आहे की, तुम्ही संख्येने मोठे म्हणून निवडले गेला नाहीत, तुम्ही तर सर्वांत थोडे होता.

अर्थात हित्ती राजाचा उपकार म्हणजे राजकारण. मांडलिक फिरला की सैन्य निघायचं. इथे होशेय वेगळा पडतो. इ.स.पू. आठव्या शतकातला हा संदेष्टा आपल्या तिसऱ्या लेकराचं नाव ठेवतो लो-अम्मी, ‘माझे लोक नव्हेत’. करार मोडल्याची नोटीसच ती, पोराच्या नावाने काढलेली! आणि लगेच पुढच्या वचनात ते नाव उलटवलं जातं. मध्ये लोक सुधारल्याचा एक शब्द नाही. शिक्षा टळली असंही नाही. इ.स.पू. ७२२च्या सुमारास शोमरोन अश्शूरच्या हाती पडलंच. नातं मात्र देवाने तोडलं नाही.

पुढे ग्रीक भाषांतरकारांपुढे प्रश्न आला, बरीथला शब्द कोणता? दोन बरोबरीच्या पक्षांच्या समझोत्याला ग्रीकमध्ये ‘सिंथेके’ होता. त्यांनी घेतला ‘दियाथेके’. व्यवहारात हा शब्द मृत्युपत्राला वापरत. मृत्युपत्रावर वारसाची सही लागत नाही, त्याला फक्त मिळतं. आपला ‘करार’ सिंथेकेच्या अंगाला झुकतो, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवलेलं बरं.

पेत्राचं पहिलं पत्र याच ग्रीकमध्ये आहे. ते पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया आणि बिथुनिया इथल्या विखुरलेल्या, परक्यासारख्या राहणाऱ्या विश्वासणाऱ्यांना लिहिलं आहे. दुसऱ्या अध्यायाच्या १०व्या वचनात लेखक होशेयाचं तेच नाव त्यांना लावतो: जे लोकच नव्हते, ते दया मिळून देवाचे लोक झाले. नकाशा उघडून बघा, हा सारा प्रदेश आजच्या तुर्कस्तानातला. हित्ती सम्राटांचा मुलूख तो हाच. पत्र तिथे वाचलं जात होतं तेव्हा हत्तुशाच्या पाट्या मातीखाली होत्या.

पौलानेही लो-अम्मी हे नाव उचललं आहे. रोमकरांस पत्राचा तो ९वा अध्याय आपण पुढच्या व्याख्यानात घेऊ.