खेळाडूचा दुसरा जन्म

श्रोतेहो, खेळाडूच्या चरित्राचा पूर्वार्ध सर्वांना ठाऊक असतो. मैदान, टाळ्या, पदकें आणि वर्तमानपत्रांतील छायाचित्रें यांनीं तो भरलेला असतो. उत्तरार्ध मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं. तिशी उलटली, गुडघा दुखावला, खांदा निखळला, कीं ज्या देहावर पोट भरत होतें तोच देह सावकारासारखा दाराशीं येऊन उभा राहतो आणि वर्षानुवर्षांचें देणें एकदम मागूं लागतो. अशा वेळीं खेळाडूनें काय करावें? हा प्रश्न आज मी आपणांपुढें ठेवणार आहें, आणि त्याचें उत्तर पुणें-मुंबई रस्त्यावरील पिंपरीच्या कारखान्यांत शोधणार आहें.

पण पिंपरीस जाण्यापूर्वीं थोडा दूरचा फेरा घ्यावा लागेल. उत्तर इंग्लंडांत हडर्सफील्ड नांवाचें लोकरीच्या गिरण्यांचें शहर आहे. तेथील जॉर्ज हॉटेलांत २९ ऑगस्ट १८९५ रोजीं रग्बी खेळणाऱ्या क्लबांचे प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं आपल्या मूळ संघटनेशीं फारकत घेतली. भांडणाचें कारण वरवर क्षुल्लक दिसे. या संघांतून खेळणारे बरेच गडी खाणींत आणि गिरण्यांत राबणारे मजूर होते. शनिवारीं सामन्याला जावें तर तेवढ्या वेळाची मजुरी बुडे. ती क्लबानें भरून द्यावी, एवढेंच त्यांचें मागणें होतें. खेळाच्या सूत्रधारांना मात्र पैशाच्या स्पर्शांत खेळाचा विटाळ दिसला. या फारकतींतून पुढें रग्बी लीग हा तेरा-तेरा गड्यांचा खेळ उदयास आला. १८९८ सालीं या नव्या संघटनेनें पैसे घेऊन खेळणें उघडपणें मान्य केलें, पण त्यास एक अट जोडली. अशा प्रत्येक गड्याला खेळाखेरीज दुसरा खराखुरा कामधंदा असला पाहिजे! ती अट कांहीं वर्षांनीं गळून पडली. घालणारांचा हेतु कांहींहि असो, तिच्यांत एक शहाणपण होतें. खेळ संपला तरी माणूस उरतो आणि त्याला काम लागतें, ही गोष्ट त्या अटींत मान्य झाली होती.

असा व्यावसायिक खेळाडू निवृत्त होऊन पुढें भौतिकोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा, अभ्यास करतो आणि इतरांचीं दुखणीं बरीं करूं लागतो, ही गोष्ट आज त्या देशांत नवलाची राहिलेली नाहीं. आपल्याकडे तर हें नातें जुनेंच आहे. मुरगळलेला हात किंवा लचकलेली पाठ घेऊन गांवकरी तालमीच्या वस्तादाकडे जात असत. ज्यानें स्वतः शेंकडों वेळां दुखणें सोसलें, त्याच्या बोटांना दुसऱ्याचें दुखणें कळतें. मात्र जेथें पाठीचा कणाच दुभंगला, तेथें वस्तादाचें तेल आणि हळदीचा लेप हात टेकीत.

मुरलीकांत पेटकर यांच्या चरित्राचा उत्तरार्ध नेमका या ठिकाणीं सुरू होतो. त्यांचा जन्म १९४४ सालीं, आजच्या सांगली जिल्ह्यांत, इस्लामपूरजवळील पेठ या गांवीं झाला. कुस्तीच्या मुलखांत वाढलेला हा मुलगा कोंवळ्या वयांत सैन्यांत गेला. यंत्रसामग्रीची निगा राखणाऱ्या इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स या दलांत तो जवान झाला, आणि तेथें मुष्टियुद्धांत त्यानें नांव काढलें. १९६५ चें भारत-पाकिस्तान युद्ध आलें. त्यांत पेटकरांच्या शरीरांत अनेक गोळ्या घुसल्या. एक गोळी पाठीच्या कण्यापाशीं रुतून बसली, ती कायमचीच. कमरेखालचें अंग लुळें पडलें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें.

या जखमेचा अर्थ समजून घेतल्यावांचून पुढील पराक्रमाची किंमत कळणार नाहीं. पाठीच्या कण्यांतून जाणारा मज्जारज्जु म्हणजे मेंदूचे निरोप अवयवांकडे नेणारी आणि अवयवांचीं गाऱ्हाणीं मेंदूकडे पोंचविणारी तार. ती एकदां तुटली कीं पुन्हा जुळत नाहीं. पाय हलत नाहींत, एवढ्यावर हें भागत नाहीं. कातडीला वेदना कळत नाहीं, म्हणून एकाच कुशीवर पडून राहिलेल्या रोग्याला शय्याव्रण होतात. मूत्राशयावरील ताबा जातो, मूत्रपिंडांत जंतूंचा शिरकाव होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं असे बहुसंख्य रोगी दोन-तीन वर्षांच्या आंत दगावत, आणि वैद्यकहि त्यांच्याविषयीं आशा धरीत नसे.

ही निराशा मोडून काढण्यांत ज्यांचा मोठा वांटा, ते लुडविग गुटमन हे जर्मनींतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर. १९४४ सालीं इंग्लंडांतील स्टोक मँडेव्हिल येथें त्यांच्याकडे जायबंदी सैनिकांचा विभाग सोंपविण्यांत आला. त्यांचा पहिला उपाय ऐकावयास अगदीं साधा होता: रात्रंदिवस दर दोन तासांनीं रोग्याची कूस बदलावयाची. दुसरा उपाय मात्र अनेकांना चमत्कारिक वाटला. त्यांनीं रोग्यांना खेळावयास लावलें! पाय गेले तरी दंड, छाती आणि खांदे शाबूत असतात. खाटेवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खाटेवर जाण्याचें सारें बळ तेथूनच यावयाचें. तें बळ नुसत्या कवायतीनें येतें, पण कवायतीचा कंटाळा येतो. खेळांत चुरस असते, म्हणून माणूस थकवा विसरतो. २९ जुलै १९४८ रोजीं, ज्या दिवशीं लंडनांत ऑलिंपिकचें उद्घाटन झालें त्याच दिवशीं, गुटमन यांनीं १६ जायबंदी स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिंपिक स्पर्धांचें मूळ तेंच.

आपल्या देशांतहि हें काम शून्यांतून उभें राहिलें असें नव्हे. पिंपरीचा शेजार म्हणजे खडकी. तेथील क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेची स्थापना पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, अपंग सैनिकांना हातास कांहीं हुन्नर शिकविण्यासाठीं झाली. १९४४ सालीं पुण्यांत कृत्रिम अवयव केंद्र निघालें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें भौतिकोपचाराचें विद्यालय सुरू झालें, आणि तेव्हांपासून या विद्येचें रीतसर शिक्षण येथें मिळूं लागलें. मज्जारज्जूची इजा झालेल्या सैनिकांसाठीं खडकीलाच १९७४ सालीं पुनर्वसन केंद्र स्थापन झालें.

पेटकरांवर मुंबईस कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयांत उपचार झाले. तेथें त्यांना पोहण्याचा सल्ला देण्यांत आला. श्रोतेहो, या सल्ल्यामागील शास्त्र सुंदर आहे. जमिनीवर लुळे पाय हें ओझें असतें. पाण्यांत तेंच ओझें पाणी उचलून धरतें. हात पाणी मागें लोटतात आणि देह पुढें सरकतो. शिवाय पाण्याचा विरोध सर्व बाजूंनीं सारखा आणि हळुवार असतो. स्नायूंना काम मिळतें, पण सांध्यांना हिसका बसत नाहीं. मुष्टियोद्ध्याचे खांदे तर आधींच कमावलेले होते. ठोसा मारण्यासाठीं जें बळ त्यानें सांठविलें होतें, तें आतां पाणी कापण्याच्या कामीं आलें. उपचार म्हणून आरंभलेलें पोहणें अशा रीतीनें हळूहळू खेळ बनलें.

१९६८ सालीं तेल अवीव येथील पॅरालिंपिक स्पर्धांत पेटकर टेबल टेनिस खेळले. पुढील स्पर्धा १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें झाल्या. ऑलिंपिक त्या वर्षीं म्युनिकला होतें, पण तेथील निवासांची सोय जायबंदी खेळाडूंना मिळूं शकली नाहीं. पेटकरांच्या प्रवासाला क्रिकेटपटु विजय मर्चंट यांनीं अपंगांसाठीं चालविलेल्या कार्याचा हातभार लागला. हायडेलबर्गला ५० मीटर मुक्त शैलीचें अंतर पेटकरांनीं ३७.३३ सेकंदांत कापलें. तो जागतिक उच्चांक ठरला, आणि पॅरालिंपिकमधील पहिलें सुवर्णपदक भारताला मिळालें. ऑलिंपिकमध्यें वैयक्तिक सुवर्णपदक मिळण्यासाठीं देशाला २००८ पर्यंत, म्हणजे आणखी ३६ वर्षें, वाट पाहावी लागली.

याच १९७२ सालची दुसरी एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. म्युनिकला कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघांत गोव्यांत जन्मलेले वेस पेस हे खेळाडू होते. पेशानें ते डॉक्टर. पुढें त्यांनीं क्रीडावैद्यकाला वाहून घेतलें आणि खेळाडूंच्या दुखापतींकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहावयास शिकविलें. तरुणपणीं ते रग्बीहि खेळले होते, आणि १९९६ ते २००२ या काळांत भारतीय रग्बी संघटनेचे अध्यक्ष होते. २०२५ सालीं ते निवर्तले. एक खेळाडू मैदानावरून उपचाराकडे गेला, आणि दुसरा उपचारांतून मैदानावर आला. वाटा उलट दिशेच्या, पण पूल एकच.

आतां पिंपरीकडे वळूं. १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि माळरानाचें रूप पालटूं लागलें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें. त्याच दशकांत टेल्कोनें येथें आपला कारखाना उभारला. १९७० सालीं पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, आणि १९८२ सालीं महापालिका. या टेल्कोंत पेटकरांनीं दीर्घकाळ नोकरी केली. टाटांकडून मदतीची विचारणा झाली तेव्हां आपण पैसा न मागतां काम मागितलें, असें त्यांनीं मुलाखतींतून सांगितलें आहे. या एका वाक्यांत मला त्यांच्या सुवर्णपदकाइतकेंच तेज दिसतें. दान घेणाऱ्याचा हात खालीं राहतो, पण पगार घेणाऱ्याचा हात समान पातळीवर येतो. हडर्सफील्डच्या मजुरांनीं मागितली होती बुडालेल्या वेळाची मजुरी, आणि पिंपरीच्या या विजेत्यानें मागितली उरलेल्या आयुष्याची मजुरी. दोन्ही मागण्यांत भीक नव्हती.

देशानें मात्र त्यांची आठवण उशिरां केली. पद्मश्री त्यांना २०१८ सालीं मिळाली, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनीं. २०२४ सालीं त्यांच्या जीवनावर ‘चंदू चँपियन’ हा चित्रपट निघाला, आणि जानेवारी २०२५ मध्यें त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार देण्यांत आला. मधल्या वर्षांत त्यांना उभें धरून ठेवलें तें गौरवानें नव्हे, तर कारखान्याच्या हजेरीनें.

ही कथा एकट्या पेटकरांची म्हणून मी सांगितली नाहीं. आज हा औद्योगिक पट्टा भोसरी ओलांडून चाकणपर्यंत पसरला आहे, आणि मोटारी बांधणाऱ्या जुळणीच्या रांगांपाशीं हजारों तरुण उभे आहेत. तीच हालचाल, तोच खांदा, तीच वांकलेली पाठ, पाळीमागून पाळी. कामगार हाहि एका अर्थीं व्यावसायिक खेळाडूच, कारण देह हेंच त्याचें भांडवल. भेद एवढाच कीं त्याला प्रेक्षक नसतात. खेळाडूचा स्नायु दुखावला तर मैदानावर धांवत जाणारा माणूस तयार असतो. कामगाराचा दुखावला तर तो बहुधा मलम चोळून दुसऱ्या दिवशीं पाळीवर हजर होतो, आणि दुखणें हाडीं खिळेपर्यंत कोणाला सांगत नाहीं.

मोडलेल्या देहाला उपचार पाहिजेत, हें आतां सर्वांना पटलें आहे. खेळ पाहिजे, हें गुटमन यांनीं दाखवून दिलें. काम पाहिजे, हें पेटकरांनीं स्वतः मागून घेतलें. ज्या दुखापती झालेल्या माणसाला रुग्णालयाच्या दारांतून बाहेर पडतांना कारखान्याचें दार उघडें दिसतें, त्याचा उपचार पुरा झाला असें म्हणावें. ज्याला तें बंद दिसतें, त्याच्या पायांत बळ आलें तरी तो जाणार कोठें?