नाव आखूड, अर्थ लांब
(नभोवाणीवरील भाषण)

आमच्या आदिलाबादचे जुने नाव एदलाबाद. जळगाव जिल्ह्यातील आजच्या मुक्ताईनगरचेही जुने नाव एदलाबादच. त्यामुळे एखाद्या जुन्या कागदात हा शब्द आला, की कागद कोणत्या मुलखातला हे आधी ठरवावे लागते. नाव उच्चारावयास सोपे असते. पण त्याचा अर्थ ते कोठे व केव्हा उच्चारले गेले यावर अवलंबून असतो. संगणकाच्या जगातही असेच एक प्रकरण आहे. त्याचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणक-व्यवस्थेचा पाया घातला. माणसाने आज्ञा टंकित करावी आणि यंत्राने ती पाळावी, अशी तिची रीत. या दोघांमधील दुभाष्यास शेल म्हणतात. त्या काळची दूरटंकयंत्रे मंदगतीची असल्याने पुष्कळ आज्ञांची नावे दोन-दोन अक्षरांची ठेवली गेली. यादी दाखवावयाची तर ‘एलएस’, नक्कल करावयाची तर ‘सीपी’, आणि पुसून टाकावयाचे तर ‘आरएम’. परंतु या आज्ञांना निरनिराळी विशेषणे जोडावी लागत व वाक्य पुन्हा लांबे. तेच ते वाक्य दिवसातून वीस वेळा कोण टंकित करणार?

१९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बर्कले येथील विद्यापीठात बिल जॉय यांनी सी शेल रचले, आणि त्यात दोन सोयी केल्या. एक ‘हिस्टरी’, म्हणजे दिलेल्या आज्ञांची रोजनिशी. दुसरी ‘एलियस’, म्हणजे लांब आज्ञेला दिलेले आखूड उपनाम. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बोर्न शेलमध्ये उपनामाची सोय नव्हती. पुढे डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने ती स्वीकारली, आणि १९८९ साली ब्रायन फॉक्स यांचे बॅश आले, त्यातही ती आहे.

या उपनामाचे वर्तन मोठे शिस्तीचे असते. आज्ञेच्या आरंभी जो शब्द येतो, तोच उपनाम आहे काय हे शेल पाहते. असल्यास त्याच्या जागी मूळ वाक्य घालते. मूळ वाक्याचा पहिला शब्द तेच उपनाम असेल, तर त्याचा पुन्हा विस्तार होत नाही. नाही तर हे चक्र कधी थांबलेच नसते. शब्दाआधी एक उलटी तिरपी रेघ दिली, की उपनाम बाजूस राहते व मूळ आज्ञाच चालते. आणि बैठक संपली, की उपनामही संपते. ते टिकावे असे वाटत असेल तर आरंभीच्या फाईलीत लिहून ठेवावे लागते.

नुसते ‘एलियस’ म्हटले, की सर्व उपनामांची यादी समोर येते. सी शेल नाव आणि अर्थ शेजारी-शेजारी मांडते. बॅश मात्र प्रत्येक ओळ अशी छापते, की ती जशीच्या तशी पुन्हा टंकित करता यावी. परंतु रोजनिशीत काय उरते? जे टंकित केले ते उपनाम. त्याने प्रत्यक्ष काय घडवले, ते नव्हे. यादी हरवली, की रोजनिशी मुकी होते.

इतिहासाच्या अभ्यासकास ही अडचण ओळखीची आहे. ‘आदिलाबाद जिल्हा’ हे शब्द घ्या. १९५५ सालच्या कागदात त्यात किनवट व राजुरा हे तालुके येतात. १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले. २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद. नाव तेच, अर्थ तीन वेळा निराळा. हे ध्यानात न घेता जुन्या व नव्या जनगणनेचे आकडे शेजारी मांडले, तर माणसे कमी झाली असा भलताच निष्कर्ष निघेल.

संगणकावरही अशा गाफीलपणाची किंमत मोजावी लागते. पुष्कळ लोक ‘आरएम’ हेच उपनाम करून ‘पुसण्यापूर्वी मला विचार’ असा अर्थ त्यास देतात. सवय जडते. मग एके दिवशी दुसऱ्या यंत्रावर बसून तीच अक्षरे टंकित केली जातात. तेथे ते उपनाम नसते, यंत्र काही विचारीत नाही, आणि अनेक महिन्यांचे काम क्षणात जाते. दोष यंत्राचा नव्हे. नाव सर्वत्र एकाच अर्थाचे असते या समजुतीचा आहे.

आखूड नावावाचून कोणताही व्यवहार चालत नाही, आणि तो चालवू नये असेही कोणी म्हणणार नाही. मात्र जो नोंद ठेवतो, मग ती दप्तरात असो वा यंत्रात, त्याने आखूड नावाशेजारी त्या दिवशीचा पूर्ण अर्थ एकदा तरी लिहून ठेवावा. मागून येणाऱ्यास आपण दुसरे काही दिले नाही, तरी एवढे देणे आपल्या हाती आहे.